मागच्या दाराने आलेली बायबलं

सोमवार, १० नोव्हेंबर १८००

मी गावचा पुस्तकं बांधणारा, पण आज वही शिवायला बसलो ती गिऱ्हाइकासाठी नव्हे. गिऱ्हाईकच नाही. कागद पडून होता, दोरा पडून होता आणि मीही पडूनच होतो. दिवसभरात एखादं वाक्य तरी कुणाला सांगायची सवय असते माणसाला. ते आता इथे लिहीन. कागद उलट बोलत नाही, आणि मी गेल्यावर डीकनकडे, म्हणजे प्रार्थनाघराच्या कारभाऱ्याकडे, जाऊन चहाडीही करत नाही.

झालं ते असं. सप्टेंबरात आमचे पाद्री मि. गुडसेल दोन तास बोलले. व्हर्जिनियाचा तो जेफरसन अध्यक्ष झाला, तर शिपाई घरोघर फिरतील, बायबलं गोळा करतील आणि चौकात जाळतील, असं त्यांनी सांगितलं. कुठून कळलं ते सांगितलं नाही. बाहेर पायऱ्यांवर माणसं घाबरून कुजबुजत होती. मी म्हणालो, "जाळू द्या की. नवी बांधून घ्यायला माझ्याकडेच याल."

हेझलफर्ड गावात जेफरसनच्या बाजूने बोलणारा मी एकटा, हे सगळ्यांना माहीत होतं. तोपर्यंत ते माझं वेड म्हणून चालून जात होतं. त्या दिवसापासून तो माझा धर्म झाला.

प्रार्थनाघरात माझ्या बाकावर चार जण मावतात. आता एकाला तिथे वारा लागतो, दुसऱ्याला खांब आड येतो आणि तिसऱ्याच्या बायकोला एकटीला भीती वाटते. मी ऐसपैस बसतो. आख्ख्या कनेक्टिकटात इतकी जागा फक्त गव्हर्नरांना मिळत असेल.

याचं मला काही वाटत नाही. केझायाचं वाटतं. माझी एकुलती एक. तिचे सासरे डीकन अझराया टटल त्या दिवशी प्रवचनाला इकडे आले होते, पायऱ्यांवर माझ्या मागेच उभे. तोवर मला 'व्याहीबुवा' म्हणायचे. तेव्हापासून 'मिस्टर क्रेन'. केझाया नदीपलीकडे, इथून चार मैलांवर; तिकडचं प्रार्थनाघरही वेगळं. जानेवारीत बाळंत होईल. मी ऑक्टोबरात दोन पत्रं पाठवली. दोन्ही परत आली, न फोडलेली, पण पत्त्यावर तेलाचा डाग पडलेली. म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आभारदिन, सुगीचा सण. भोपळ्याचं सारण भरून पाय भाजला. माझी बायको फिबी असताना ती करायची आणि मी नावं ठेवायचो. आज मीच केला आणि मीच नावं ठेवली.

दोन ताटल्या मांडल्या. एक तशीही धुवायला झाली होती.

सोमवार, ८ डिसेंबर

आज काम आलं.

लोहाराची बायको लोइस पेक मागच्या दाराशी उभी. हातात धुण्याची टोपली, वर ओली चादर. चादरीखाली त्यांचं घरचं बायबल.

"शिवण सैल झालीय," ती म्हणाली. बोलताना माझ्याकडे नाही, कुंपणाकडे बघत होती.

मी उघडून बघितलं. दोन वर्षांपूर्वी मीच शिवलं होतं. आमच्या लग्नापेक्षा घट्ट होतं.

"कधीपर्यंत हवंय?"

"घाई नाही. मार्च उलटला तरी चालेल."

"रोज लागत असेल ना तुम्हाला?"

"आम्ही सध्या पाठ असलेलंच म्हणतो," असं म्हणून ती गेली. चादर विसरली. मग परत आली, चादर घेतली आणि जाताना 'बरं आहे' म्हणाली. सप्टेंबरनंतर मला कुणी म्हटलेलं पहिलं 'बरं आहे'.

शिवण ठीक होती, तरी मी कण्याला नवं चामडं लावलं. गाव निवळत चाललंय. हळूहळू निवळतंच.

शनिवार, १३ डिसेंबर

आणखी तीन. सगळी मागच्या दाराने, सगळ्यांची शिवण सैल, सगळ्यांना मार्चनंतर हवीत. कॅप्टन इथियल वॉर्नर स्वतः आले. इंग्रजांच्या तोफेसमोर हे ताठ उभे राहिले होते म्हणतात. आज ओटच्या पोत्यात बायबल लपवून आले आणि अर्धं धान्य माझ्या अंगणात सांडून गेले.

"कॅप्टन, याच्या बांधणीला काही झालेलं नाही."

"मग झालंय असं समज," ते म्हणाले.

गावात एकाएकी इतकी वाईट शिवण कशी निघाली ते कळत नाही. यातली तीन तर माझ्याच हातची.

गुरुवार, १८ डिसेंबर

कळलं. हिटीमावशीने सांगितलं.

हिटीमावशी म्हणजे विधवा मेहिटाबेल प्रॅट. शहात्तर वर्षांची. माझ्या आईची मैत्रीण, म्हणून मला अजून 'एल्या' म्हणते. गावात एवढी एकच बाई सप्टेंबरनंतरही मला रस्त्यात तोंडावर शिव्या देत होती. बाकीचे गप्प बसायचे. ती आज पुढच्या दाराने आली, काठीने बर्फ झटकला आणि बायबल माझ्या टेबलावर आदळलं.

"शिवण सैल झाली का, मावशी?"

"शिवण गेली खड्ड्यात. लपवून ठेव."

"कशासाठी?"

"शिपाई येणार म्हणून. सगळ्या गावाने तुझ्याकडे ठेवलीत, मग मीच का मागे राहू? तुझ्या घरी कोण कशाला शोधेल? तू त्यांचाच."

मी हसलो. खूप दिवसांनी हसलो, त्यामुळे खोकलाच आला. ज्याला नास्तिक म्हणून बाकावर एकटा बसवला, त्याच्याच माळ्यावर सगळ्या गावाचा धर्म सुरक्षित. मि. गुडसेलना हे सांगायला हवं असं वाटलं.

मग ती म्हणाली, "खरंच येतील का रे? तू ती वर्तमानपत्रं वाचतोस. खरं सांग. चष्मा नसला तरी त्या पुस्तकातलं कुठलं पान कुठे आहे ते मला बोटांना कळतं. पन्नास वर्षं उशाशी आहे माझ्या."

'कोणी येणार नाही, मावशी, घेऊन जा घरी,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात आले होते. पण ती फिबीच्या खुर्चीत बसली होती. त्या खुर्चीत जूनपासून कुणी बसलं नव्हतं. चहाचं पाणी उकळत होतं. कोणी येणार नाही असं म्हटलं असतं, तर ती पुस्तक उचलून गेली असती. तिच्यामागून लोइस, कॅप्टन, सगळेच.

मी म्हणालो, "कोणी सांगावं."

ती दोन तास बसली. माझ्या आईच्या आणि स्वतःच्या भांडणांच्या गोष्टी सांगितल्या. मला दर मंगळवारी येऊ का म्हणून विचारलं, आपला अध्याय वाचायला. ये म्हणालो.

गुरुवार, २५ डिसेंबर

आमच्याकडे नाताळ पाळत नाहीत, म्हणून कामाचा दिवस. चिकटवायची खळ शिजवली. बायबलं अकरा झाली.

लोक अधूनमधून येतात. 'आमचं नीट आहे ना' म्हणून पाहून जातात. लोइस पेक एक पान उघडते, उभ्याने वाचते आणि मिटते. कॅप्टन फक्त कव्हरवर हात ठेवतात. कधी कधी बसतात. कुणी ब्रेड आणला, कुणी खारवलेलं डुकराचं मांस. रस्त्यात अजून ओळख देत नाहीत. मला चालतं. मागचं दार पुढच्यापेक्षा जास्त वापरात आहे, एवढंच.

रोज एक बायबल उघडून घरची पानं बघतो. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मरण. बरीचशी माझ्याच अक्षरात. माझं अक्षर चांगलं म्हणून गाव माझ्याकडून लिहून घ्यायचं. प्रत्येक घरात मी आहे. कुणी आमंत्रण दिलं नाही तरी.

आमचं स्वतःचं बायबल मात्र केझायाबरोबर गेलं, लग्नात. तिच्या आईची इच्छा.

मंगळवार, ६ जानेवारी १८०१

आज जे केलं ते लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मला स्वतःशी नाकबूल होता येणार नाही.

कॅप्टन म्हणाले, "एलिफलेट, लोक म्हणायला लागलेत, हे सगळं थोतांड आहे. बायबल परत नेऊ म्हणतोय."

मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "चार मार्चपर्यंत थांबा, कॅप्टन. शपथ होईपर्यंत. मी याहून जास्त बोलू शकत नाही."

मला जास्त काही माहीतच नव्हतं, म्हणून बोलू शकत नव्हतो. पण ते पांढरे पडले. संध्याकाळच्या आत गावभर झालं असेल. नदीपलीकडेही जाईल. खरं म्हणजे त्यासाठीच बोललो. डीकन टटल घाबरले, तर तेही पुस्तक पाठवतील. आणि कदाचित केझायाच घेऊन येईल. एवढी अक्कल लढवून पसरवलेलं खोटं मि. गुडसेलनी सुद्धा पसरवलं नसेल. त्यांचा निदान स्वतःच्या खोट्यावर विश्वास आहे.

हिटीमावशी मंगळवार म्हणून आली होती, बर्फातून मैलभर. तिने ते ऐकलं. जाताना विचारलं, "म्हणजे येणारच म्हण." मी तिच्या पायातल्या लोकरी पट्ट्या बांधून दिल्या.

मंगळवार, २७ जानेवारी

डीकन आले.

बर्फावरची घसरगाडी मागच्या अंगणात उभी केली. घोड्याच्या घुंगरांना चिंध्या बांधल्या होत्या, आवाज नको म्हणून. दारात टोपी न काढता उभे. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं पुस्तक. उघडायच्या आधीच मी ओळखलं. ते माझंच होतं.

"बांधणीसाठी," ते म्हणाले.

"बसा."

"नको. आणि," ते म्हणाले, आणि थांबले. खाकरले. चेहरा लाल झाला, थंडीने असेल. "आणि बांधणीसाठीच. बस."

"घरचे सगळे बरे?" मी विचारलं. यापेक्षा जास्त विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. का ठरवलं होतं ते आता आठवत नाही.

"देवाची कृपा," ते म्हणाले. डीकन लोक कुठल्याही प्रश्नाला हेच म्हणतात. घर जळत असतानाही हेच म्हणतील.

ते गेल्यावर पान उघडलं.

माझ्या अक्षरात माझं आणि फिबीचं लग्न. खाली आमच्या दोन ओळी, केझायाच्या आधीच्या. 'मुलगा, जन्म १२ मे १७७४,' पुढे कोरं. 'मुलगी, जन्म ३० सप्टेंबर १७७५,' पुढे कोरं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्यांना नाव नसतं. आमच्याकडे जन्म त्याच दिवशी लिहितात, नाव बाप्तिस्म्यानंतर. मग केझाया. मग तिचं लग्न. आणि सगळ्यात खाली, तिच्या तिरक्या अक्षरात:

'मुलगा, जन्म ९ जानेवारी १८०१.' पुढे कोरं.

अठरा दिवस झाले. आमच्याकडे बाप्तिस्मा पुढच्याच रविवारी होतो, पाण्यावरचा बर्फ फोडून का होईना.

मंगळवार असूनही हिटीमावशी आली नाही. बर्फ फार आहे. बरं झालं. मला कुणाशी बोलायचं नव्हतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

लोइस पेकला आडून विचारलं, नदीपलीकडचं काही कळलं का.

"डीकनच्या घरचं मला विचारू नका हो. मी तुमच्याशी बोलते हे त्यांना कळलं तर?"

"डीकन स्वतः इथे येऊन गेले."

"ते डीकन आहेत," ती म्हणाली. मग म्हणाली, "हिटीमावशी खोकतेय. ती विचारत होती, शिपाई कुठवर आलेत."

"तिला सांगा, तिचं पुस्तक सुरक्षित आहे."

सांगायचं ते हे नव्हतं. पण डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. उद्या जाऊन येईन तिच्याकडे.

शनिवार, ७ फेब्रुवारी

नदीपर्यंत चालत गेलो. टटलांचं घर पलीकडच्या काठावरच आहे. बर्फ पक्का आहे, लाकडाच्या गाड्या जातात. मी गेलो नाही. जाऊन दार ठोठावलं असतं, तर कुणीतरी उघडून मला सांगितलं असतं. इथे उभं राहिलं, तर निदान कुणी सांगत नाही.

धुराड्यातून धूर येत होता. दोरीवर बारा-पंधरा पांढरी चौकोनी फडकी, थंडीने कडक होऊन फळ्यांसारखी झालेली. डीकनच्या घरी चीझ गाळायची फडकी भर फेब्रुवारीतही रोज धुतात वाटतं. दुःखाच्या घरातसुद्धा काम थांबत नाही यांचं. मला त्यांचा राग आला. मग केझाया कुठल्या खिडकीशी असेल, याचा विचार करत राहिलो. पाय बधिर झाल्यावर परत आलो.

हिटीमावशीकडे जायचं राहिलंच.

शनिवार, २१ फेब्रुवारी

हार्टफर्डहून बातमी आली. निवडणूक बरोबरीत अडकली होती; छत्तीसदा मतं मोजली आणि शेवटी जेफरसन. गावातली घंटा वाजली नाही. माझा माणूस जिंकला. मी हे कुणाला सांगणार? पावाच्या तुकड्यावर थोडी जास्त काकवी घातली.

दुपारपर्यंत मागच्या दाराने आणखी चार आली. एकूण वीस. माळ्याची फळी वाकली आहे. हेझलफर्डात आता एकाही घरात देवाचा शब्द नाही, माझ्याकडे सोडून.

रविवार, १ मार्च

सकाळच्या प्रार्थनेनंतर घंटा वाजायला लागली. आमच्याकडे वयाइतके टोले देतात. साठच्या पुढे गेल्यावर मी बाकाची कड धरली. सत्तरच्या पुढे गेल्यावर मोजायची गरज राहिली नाही. तरी मोजले. शहात्तर.

लोइस पेक प्रार्थनाघराच्या दाराशी थांबली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच सगळ्यांसमोर माझ्याशी बोलली. हळू बोलली, पण बोलली.

"आठवडाभर ती पुस्तक मागत होती. 'माझं दे,' म्हणायची. कुठे आहे ते मला माहीत होतं. पण तिथे पाद्रीबाई बसलेल्या. त्यांच्यासमोर तुमचं नाव कसं घेऊ? आणि तुम्हीच म्हणाला होतात, चार तारखेपर्यंत हलवायचं नाही. मी एक प्रवचनांचं पुस्तक दिलं तिच्या हातात. जाडी तेवढीच होती. तिने बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, 'हे माझं नाही.' मग परत काही मागितलं नाही."

मी घरी आलो. तिचं बायबल काढलं. तिच्या पानावर नवरा आणि तीन मुलगे, सगळ्यांची मरणं माझ्या अक्षरात. शेवटची ओळ लिहिली. हात स्थिर होता. मला त्याचीच लाज वाटली.

मंगळवार, ३ मार्च

आज मंगळवार. तिचा वाचायचा दिवस.

बायबल हातात धरून गावाच्या मधल्या रस्त्याने तिच्या घरी गेलो, उघड्यावर. पोत्यात नाही, टोपलीत नाही. घरात सगळे होते. शवपेटी अजून उघडी होती. डीकन टटलही आले होते, ती त्यांची मावसबहीण. मि. गुडसेलनी माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं.

"हे आम्ही तीन दिवस शोधतोय, मिस्टर क्रेन. तुमच्याकडे कसं?"

"तिने ठेवायला दिलं होतं. शिपाई येतील म्हणून."

कुणीतरी खोकलं.

"तिने मला विचारलं होतं, खरंच येतील का," मी म्हणालो. "मला पक्कं माहीत होतं की कोणी येणार नाही. मी तिला सांगितलं नाही. नंतर तर येणार असंच भासवलं. मला एकट्याला घर खायला उठतं, म्हणून. माणसं यायची थांबू नयेत, म्हणून. तुम्हा सगळ्यांशी मी खोटं बोललो. त्यातलं फक्त तिला महागात पडलं."

"तुम्हा सगळ्यांशी म्हणजे?" मि. गुडसेलनी विचारलं. खरंच त्यांना माहीत नव्हतं. भोळा माणूस.

मी खोलीभर पाहिलं. त्या खोलीत माझ्याकडची किमान चौदा बायबलं उभी होती. लोहार बुटांकडे बघत होता. लोइसने ओठ मिटले होते. कॅप्टनना खिडकीबाहेर काहीतरी सापडलं. डीकनच्या कपाळावरची शीर उडत होती.

"म्हणजे कुणाशी नाही," मी म्हणालो. "चुकून निघालं."

मग मी पुस्तक तिच्या हाताखाली ठेवलं. बोटं अर्थातच काही ओळखणार नव्हती. थोड्या वेळाने मि. गुडसेलनी ते उचललं आणि त्यातूनच वाचलं, कारण त्या सबंध घरात दुसरं नव्हतंच.

बुधवार, ४ मार्च

आज तिकडे शपथ. इकडे माळ्यावर एकोणीस.

गुरुवार, १२ मार्च

बातमी आली. शपथ झाली. शिपाई निघाले नाहीत. नव्या अध्यक्षांनी भाषण केलं आणि म्हणे पायी चालत जेवायला गेले.

कुणी न्यायला आलं नाही. मला वाटलं होतं, एका दिवसात माळा रिकामा होईल. पण आता मागच्या दाराने येणं म्हणजे त्या दिवशी खोलीत गप्प बसलो होतो, हे कबूल करणं. रविवारी मि. गुडसेलनी विचारलं, या आठवड्यात घरोघर रोजचा अध्याय नियमाने वाचला जातोय ना? सगळ्या गावाने माना डोलावल्या. मीही डोलावली. खोटं बोलण्यात इतकी एकी मी या गावात कधी पाहिली नव्हती.

माझ्या बाकावर मी एकटाच. आता मागच्या दारालाही कुणी हात लावत नाही. अंगणात कॅप्टनचे ओट उगवायला लागतील बर्फ वितळल्यावर.

सोमवार, १६ मार्च

सकाळी खळ गाळत होतो. पुढचं दार वाजलं. वाजलं म्हणजे लाथ मारल्यासारखं वाजलं.

केझाया. रस्त्यावर, भर उजेडात, तिच्या नवऱ्याने, लेव्हीने, घोडा माझ्याच खांबाला बांधला होता. समोर लोइस पेक ओली चादर दोरीवर टाकता टाकता तशीच थांबली होती.

"माझं पुस्तक द्या," केझाया म्हणाली. बारीक झालीय. आवाज मात्र आईचा आलाय.

मी ते आणून टेबलावर ठेवलं. तिने उभ्याउभ्याच पान उघडलं, पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"नाही लिहिलंत."

"काय लिहायचं होतं?"

"सात आठवडे, बाबा. तुमच्यासाठी ओळ सोडून पाठवली. माझं अक्षर तिरकं, म्हणून. बायबल लपवायला म्हणून द्यायला मामंजी तयार झाले तेव्हा मी म्हटलं, निदान एवढं होईल. सात आठवडे मी वाट बघतेय, आज येईल, उद्या येईल. तुम्हाला एवढा राग होता का, की नातवाचं नावसुद्धा लिहवेना?"

तिची शाल हलत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती तिने एका बाजूला फार जाड गुंडाळली आहे. आतून एक मूठ बाहेर आली.

मी बसलो. खळीच्या भांड्यात हात गेला.

"मला वाटलं," मी म्हणालो. त्या पानावरच्या वरच्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

तिने त्या ओळी पाहिल्या. जन्मभर पाहत आलीय. मग तिचा चेहरा बदलला.

"मामंजींनी सांगितलं नाही?"

"बांधणीसाठी म्हणाले."

"त्यांना बजावून पाठवलं होतं मी. बाळ बरं आहे, बाप्तिस्मा झाला, नाव हे ठेवलं, व्याह्यांना लिहायला सांगा. एवढंच."

दारातून लेव्ही म्हणाला, "त्यांना नाव उच्चारता आलं नसणार. घरात अजून 'तो' म्हणतात. बाप्तिस्म्याच्या वेळी तिकडच्या पाद्रींनी विचारलं तेव्हा मी पटकन बोलून टाकलं, अण्णांनी मला अडवायच्या आत. हिटीमावशीकडून आले त्या रात्री जेवताना म्हणाले, 'क्रेन सगळ्यांच्या देखत खरं बोलला. आपलं पुस्तकही तिथेच आहे.' मग आणखी काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. दहा-बारा दिवस घशात अडकलंय. आज केझायाने वाट बघणं सोडलं."

मला ती दोरीवरची फडकी आठवली. चीझची. पंचावन्न वर्षांचा, एका मुलीचा बाप, आणि त्याला ती चीझची वाटली.

"नाव काय ठेवलं?"

केझायाने पोराला माझ्या मांडीवर ठेवलं. खळीचे हात मी वर धरून बसलो, देवापुढे धरतात तसे. पोराला त्यात काही पवित्र वाटलं नाही.

"तुम्हीच लिहा," ती म्हणाली. "पाठ आहे तुम्हाला. आयुष्यभर स्वतःचंच लिहीत आलात."

हात धुतले. चांगली लेखणी शोधली. कोऱ्या जागेत लिहिलं: एलिफलेट. 'ए' जरा मोठा आला. या पुस्तकातलं माझं पहिलं वाईट अक्षर.

लेव्ही म्हणाला, "चला, निघायला हवं. अण्णा—"

"थांब," मी म्हणालो. "शाई ओली आहे. पुस्तक मिटलं तर समोरच्या पानाला लागेल. या थंडीत वाळायला संध्याकाळ होईल."

केझायाने त्या ओळीकडे पाहिलं. शाई केव्हाच वाळली होती. बाइंडरची मुलगी आहे ती, तिला कळतं. तिने शाल काढली, खुंटीला लावली आणि खुर्ची ओढून बसली.

"संध्याकाळ तर होईलच," ती लेव्हीला म्हणाली. "घोड्याला आत बांध."